व एक कन्या

बिबवेवाडीत फरशांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर मंदाकिनीमाईंचा हॉल होता. शुक्रवारी सकाळी आठ वाजल्यापासून जिन्यात बायकांची रांग लागायची आणि तिचं शेपूट खाली दुकानाच्या काचेपर्यंत यायचं. गिऱ्हाईक अडतं म्हणून दुकानदार कुरकुरायचा. पण ओटीचे खण, नारळ आणि तांदूळही तोच विकत असल्यामुळे ती कुरकुर फार वरच्या पट्टीत नसायची.

साल दोन हजार दहा. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत अमेरिकेची कामं होत होती, माणसांच्या खिशात दोन-दोन मोबाइल होते, आणि बिबवेवाडीत मेलेल्या बायका बोलत होत्या.

माईंकडे एकाच दुखण्याच्या बायका यायच्या. छातीत गाठ. माईंचं म्हणणं असं, की घरातली एखादी सवाष्ण अतृप्त जाते, आणि तिच्या राहिलेल्या इच्छेचा दगड होतो. तो तिला पेलवत नाही. मग ती घरातल्याच दुसऱ्या बाईच्या छातीत तो ठेवून जाते. तिला बोलतं करायचं, एकवीस शुक्रवार तिची समजूत काढायची, म्हणजे ती आपला दगड परत नेते. अट एकच. लोखंड लावायचं नाही. ऑपरेशनची सुरी लागली की ती खवळते आणि आख्खी बाईच घेऊन जाते.

भिंतीवर बऱ्या झालेल्या बायकांचे फोटो होते. एकसष्ट. खाली नाव, गाव आणि तारीख.

आत जाताना चपला, मोबाइल आणि कागद बाहेर ठेवायचे. दारातला महिपती फायली गोळा करून पितळी बिल्ला हातात द्यायचा. "कागदाला मेलेल्याचा वास लागलेला असतो, बाई. आधी देवीच्या पायाशी जाऊ दे," असं तो इतक्या सहज म्हणायचा की कुणी विचारत नसे, देवीला एक्स-रे कशाला हवेत. फायली आतल्या खोलीत जायच्या. माई तिथे तासभर दार लावून एकट्या पूजा करायच्या, आणि मग बाहेर यायच्या.

त्या शुक्रवारी पुरुषांच्या कोपऱ्यात बाळराव बसले होते. वय सहासष्ट, मोजणी खात्यातून निवृत्त, मुक्काम शनिवार पेठ. आयुष्यात त्यांनी कुणाही बुवाला हात जोडले नव्हते. सत्यनारायणाचा शिरा मात्र ते घेत, पण तो तुपासाठी. आज ते आले होते ते भांडायला. त्यांची मुलगी तनया, तेहेतीस वर्षांची, हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासण्याच्या नोकरीत. उजव्या छातीत गाठ. सुईने तुकडा काढून तपासला होता आणि कर्करोग असल्याचं लेखी आलं होतं. ऑपरेशनची तारीख तिने दोनदा टाळली. नवरा केयूर कंपनीच्या कामावर न्यू जर्सीला होता. त्याला ती फोनवर सांगत होती, "तारीख मिळत नाहीये रे." आणि दर शुक्रवारी आईला, सुहासिनीबाईंना, घेऊन इथे येत होती. आजचा पाचवा शुक्रवार होता.

"मला एकदा बघू तरी दे तुमची मंदाकिनी," बाळराव म्हणाले होते. "बघायला तिकीट नाही ना?"

माई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, हिरवं लुगडं, मोठं कुंकू. चौरंगावर बसून त्यांनी डोळे मिटले. नाकाच्या दांडीवर दोन्ही बाजूंना दोन लालसर खळगे होते, ते बाळरावांना दिसले. पण त्या वेळी त्यांनी त्यावर विचार केला नाही.

माईंनी तनयाला समोर घेतलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यांचा आवाज बारीक झाला.

"आलेय मी. ओळखलंत? जया."

सुहासिनीबाईंचा हात तोंडावर गेला.

"कावीळ नव्हती झाली मला, वहिनी. तुला ठाऊक आहे. सगळ्यांना कावीळ सांगितलंत."

सुहासिनीबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो बाळरावांनी छत्तीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. हॉलमधल्या बायकांनी एकमेकींचे हात धरले. माईंनी मान कोपऱ्याकडे वळवली. डोळे मिटलेलेच.

"दादा, तूही आलास? मी तुला माफ केलंय रे."

आणि भांडायला आलेले बाळराव, त्या साठ-सत्तर परक्या बायकांसमोर, ढसाढसा रडले.

तिघं रिक्षाने घरी निघाले. सारसबागेजवळ तनया म्हणाली, "आता तरी पटलं ना, बाबा?"

"हं," बाळराव म्हणाले.

जया त्यांची बहीण. एकोणीसशे सत्याहत्तर साली, छत्तिसाव्या वर्षी, नागपूरच्या सासरहून माहेरी परत आली ती मरायलाच. गाठ तिने वर्षभर कुणाला दाखवली नव्हती. लाज वाटली म्हणाली. शेवटी ती फुटली. मागच्या खोलीत ती असायची आणि खोलीला एक वास असायचा. फिनेल कितीही टाका, तो त्याच्या वर तरंगायचा. बाळराव तेव्हा तेहेतीस वर्षांचे होते. रोज संध्याकाळी कचेरीतून आले की ते त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जात आणि तिथेच थांबत. आत त्यांचं पाऊल पडत नसे. जयाला ते कळत होतं. ती म्हणायची, "बाळ्या, दार ओढून घे बाहेरून. वारा येतोय." वारा कुठला यायला, खिडकी बंदच होती. ते दार ओढून घ्यायचे. अकरा दिवस त्यांनी ते दार ओढून घेतलं, आणि बाराव्या दिवशी त्याची गरज उरली नाही. वडिलांनी नातेवाइकांना कावीळ म्हणून कळवलं. घराण्यात लग्नाच्या मुली होत्या. असला आजार आहे म्हटल्यावर कोण करणार त्यांना?

तेव्हापासून बाळरावांना बंद दाराशेजारून जाताना पावलं हळू टाकायची सवय लागली. या घराला तर ती खोलीही नव्हती. सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तरीही कधी न्हाणीघराचं दार आपोआप लोटलं गेलं, की ते जागच्या जागी उभे राहत आणि आतून कुणी काही म्हणतंय का ते ऐकत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बुवाबाजीवर वर्तमानपत्रांना पत्रं लिहिणाऱ्या माणसाने ते सांगायचं तरी कुणाला?

दुपारी त्यांनी कपाटातून कुलवृत्तांत काढला. घराण्याचा इतिहास, चौदा पिढ्यांचा, चारशे बारा पानं. अठ्ठ्याण्णव साली छापलेला. संपादक ते स्वतः. त्यासाठी त्यांनी सहा वर्षं पत्रं लिहिली होती, कोकणात हिंडले होते, मोजणीदाराच्या काटेकोरपणे माणसं मोजली होती. पान तीनशे सात. वडिलांचं नाव, त्यांची नोकरी, त्यांना मिळालेलं पदक, आणि पुढे: 'पत्नी आनंदीबाई. अपत्ये: बाळ (पाहा क्र. ३०८) व एक कन्या.'

ती ओळ त्यांनीच लिहिली होती. नियमच होता तसा. मुलगी लग्न होऊन गेली की ती दुसऱ्या घराण्याच्या पुस्तकात जाणार. आपल्या पुस्तकात तिची जागा तेवढीच. जयाच्या सासरच्यांनी असलं पुस्तक काढलंच नव्हतं. म्हणजे जया कुठेच नव्हती.

ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. जया, मग बाळ, असा जन्माचा क्रम. छापताना मात्र मुलगा आधी. आणि एकदम ते ताठ झाले.

"अगं, जयाताई तुला काय म्हणून हाक मारायची?"

सुहासिनीबाई पलंगावर पडल्या होत्या. "सुहास म्हणायच्या. माझ्याहून किती मोठ्या त्या."

"आणि मला?"

"तुम्हाला बाळ्या."

"मग आज तिथे वहिनी आणि दादा कुणाला चाललं होतं? माझ्याहून तीन वर्षांनी मोठी होती ती. जन्मात मला कधी दादा म्हणाली नाही."

सुहासिनीबाई उठून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मेल्यावर माणूस विसरत असेल काही काही."

"वा! कावीळ लक्षात राहिली आणि नातं विसरली."

"पण कावीळ कळली कशी त्या बाईला? मी कुणालाच बोलले नाही हो. तनयालासुद्धा नाही."

"फाइल दे."

फाइल जाडजूड होती. तिसऱ्या पानावर, डॉक्टरने हाताने काढलेलं एक झाड होतं. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बायका, रेघांनी जोडलेले. खाली तनयाचा गोल, बाण केलेला. त्याच्या वर एक चौकोन, म्हणजे बाळराव स्वतः. चौकोनाशेजारी काळा भरलेला गोल, त्यावर तिरपी रेघ. पुढे इंग्रजीत बारीक अक्षरांत: जया, आत्या, वय छत्तीस, स्तनाचा कर्करोग, घरात कावीळ म्हणून सांगितले. त्याच्याही वर आणखी एक काळा गोल. आजोबांची बहीण, नाव माहीत नाही, वय एक्केचाळीस, पोट फुगून मृत्यू.

चौदा पिढ्यांचं झाड काढणारा माणूस आपल्याच घराचं हे झाड पहिल्यांदा पाहत होता. त्याच्या झाडात गोल नव्हतेच.

सुहासिनीबाई वाकून बघत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"ती मुलगी," त्या म्हणाल्या. "ती तरुण डॉक्टर. तनया आत तपासणीला गेली होती तेव्हा तिने मला विचारलं, यांच्याकडे कुणाला होतं का. मी सांगून टाकलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं हो. सांगितलं आणि विसरूनही गेले."

"आणि ही फाइल पाच शुक्रवार देवीच्या पायाशी," बाळराव म्हणाले. त्यांना नाकावरचे ते दोन खळगे आठवले. चष्म्याचे. हॉलमध्ये चष्मा न घालणाऱ्या बाईच्या नाकावर चष्म्याचे वण.

तनयाला पटेना. संध्याकाळी ती जेवायच्या टेबलाशी बसून नुसतं ऐकत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"तुम्ही रडलात बाबा. मी पाहिलं."

"रडलो. परत ऐकायला मिळालं तर परत रडेन. त्याने ते खरं होत नाही."

"माफ केलं म्हणाली ती. ते फायलीत होतं?"

"त्या कोपऱ्यात बसलेल्या कुठल्याही पुरुषाला म्हण, तुला माफ केलं. रडेलच. प्रत्येकाने कुठलं ना कुठलं दार ओढून घेतलेलं असतं." मग त्यांनी तिला दाराची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. सांगताना ते टेबलाकडे बघत होते.

तनया उठून गेली.

बाळरावांनी मग त्यांना येत होतं तेच केलं. माणसं शोधली. भिंतीवरची चार-पाच नावं-गावं त्यांच्या लक्षात होती. त्यातली एक धायरीची. बसने गेले, पत्ता विचारत विचारत घर गाठलं. श्रद्धा नावाची चोविशीची मुलगी, कॉलेजात शिकवणारी.

"गाठ गेली का गं तुझी?"

"नाही काका, आहे की. पण साधी आहे. डॉक्टर आधीच म्हणाले होते, रिपोर्ट क्लीन आहे, राहू दे. आईला टेन्शन आलेलं म्हणून माईंकडे गेलो. माई म्हणाल्या, दगडाचं फूल झालं. आणि फोटो मागितला."

"डॉक्टरांचा तो कागद फायलीत होता?"

"हो, पहिल्याच पानावर." ती थांबली. मग म्हणाली, "ओह."

दुसरं माणूस त्यांना शोधावं लागलं नाही. ते माईंच्या हॉलसमोरच्या चहाच्या टपरीवर दर शुक्रवारी, आणि पाळी नसेल तेव्हा एरवीही, बसलेलं असायचं. नागोराव, नांदेडकडचा, वाघोलीजवळच्या कारखान्यात कामाला. शुक्रवारची सुट्टी बदलून घेऊन यायचा. त्याच्या शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला बायकोचा फोटो होता.

"यमुना नाव तिचं. अठरा शुक्रवार केले साहेब, एकबी चुकला न्हाई. एकोणिसाव्याला उठताच आलं न्हाई तिला. माईकडं गेलो तर म्हनल्या, तुमी उशीर केला, दगड मुळाला गेला व्हता. मी म्हनलं बरं. मग म्हनलं, हिचाबी फोटो लावा की भिंतीवर, एवढे शुक्रवार केले तिनं. तर महिपतीनं जिन्यावरून ढकललं मला."

"मग इथे का येता अजून?"

नागोरावाने चहाचा पेला फिरवला. "तिचा आवाज काढतील म्हनून. कुनाच्या तरी अंगात येऊन बोलंल. ऐकू यील का हितवर?"

बाळराव त्याच्या शेजारी बसून दोन चहा प्यायले.

घरी येऊन त्यांनी तनयाला दोन्ही माणसांबद्दल सांगितलं. भिंतीवर एकसष्ट आहेत, पण त्या मुळात आजारीच नव्हत्या. आजारी होत्या त्या भिंतीवर नाहीत.

तनया नखं कुरतडत होती. एकदम थांबली.

"फक्त पास झालेल्या केसेस दाखवतायत," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. "आमच्याकडे असं कुणी केलं तर मी त्याला उभं करते, बाबा. फेल झालेल्या कुठे आहेत, हे पहिलं विचारते." मग तिने हात पुढे केला. "फाइल द्या."

तिने निळं पेन घेतलं. तिसऱ्या पानावर जयाच्या गोलाशेजारी आणखी एक गोल काढला. काळा भरला, तिरपी रेघ मारली. डॉक्टरच्या अक्षरासारख्या बारीक अक्षरात लिहिलं: सुंदरा, आत्या, वय तेहेतीस, तोच आजार.

"हा खोटा डेटा. खरी सिस्टिम असेल तर ती तो नाकारेल."

"तेहेतीस का घातलंस?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

तनयाने पेनाला टोपण लावलं.

सहाव्या शुक्रवारी फाइल नेहमीसारखी आत गेली. माईंची पूजा नेहमीसारखी झाली. तनया समोर बसली. बाळराव कोपऱ्यात होते. माईंचं ढोंग उघडं पडावं, असं त्यांना वाटत होतं. आणि जया एकदा पुन्हा बोलावी, असंही वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एका माणसाला एकाच वेळी वाटू शकतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

माईंचा आवाज बारीक झाला. "जया आलीय. पण आज एकटी नाही. तिच्या पाठीमागे कुणीतरी उभं आहे. चेहरा झाकलाय. कोण गं? सुंदरा?"

बायका गुडघ्यांवर पुढे सरकल्या.

"तेहेतिशीत गेले मी, दादा. तू माझं नावसुद्धा घेत नाहीस. माझा दगड जड आहे. आणखी एकवीस शुक्रवार लागतील."

तनया उठून उभी राहिली. तिचा आवाज इतका साधा होता की मागच्या बायकांना वाटलं, ती पाणी मागते आहे.

"माई, माझ्या बाबांना सुंदरा नावाची बहीण नव्हती. हे नाव मी परवा घरी बसून माझ्या फायलीत लिहिलं. निळ्या पेनने. तुम्ही आत वाचलंत."

माईंचे डोळे उघडले. पण बाई मुरलेली होती. "पोटातच गेलेली असते गं एखादी. घरच्यांनाही पत्ता नसतो."

"तेहेतिसाव्या वर्षी? पोटात?"

कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू हॉलभर पसरलं नाही, तिथेच विझलं, कारण तिथे बसलेल्या प्रत्येकीच्या छातीत काहीतरी होतं. महिपती पुढे आला. "ए बाई, चल बाहेर. भक्तांची श्रद्धा दुखावतीय."

"आधी आमच्या फायली आण," बाळराव म्हणाले. "आणि येताना माईंचा चष्माही आण. वाचायला लागतो त्यांना."

तेवढ्यात दारातून नागोराव आत आला. चपला न काढता. तो सरळ भिंतीपाशी गेला, खिशातला फोटो काढला आणि एका खिळ्यावर कुणा तरी हसऱ्या बाईच्या चौकटीवर अडकवायला लागला. फोटो टिकेना. तो खाली पडला की हा उचलून पुन्हा लावायचा. "अठरा शुक्रवार केलेत हिनं," तो सगळ्यांना सांगत होता. "अठरा."

फोटोने नाही, पण त्या आकड्याने काम केलं. एक बाई उठली आणि तिने आपला बिल्ला महिपतीसमोर धरला. "माझी फाइल दे." मग दुसरी उठली. सगळ्या नाही उठल्या. निम्म्याहून जास्त बसूनच राहिल्या, आणि त्यातल्या काहींनी तनयाकडे ज्या रागाने बघितलं तो राग तिला नंतर बरेच दिवस आठवत राहिला. त्यांच्याकडून तिने काहीतरी काढून घेतलं होतं.

जिन्यात तनया मटकन खाली बसली. "मला खरंच वाटलं होतं हो बाबा. वाटलं, कुणीतरी आहे. आत्या माझ्यासाठी आलीय. आता कुणीच नाही."

बाळराव तिच्या शेजारच्या पायरीवर बसले. सहासष्टाव्या वर्षी खाली बसणं सोपं नव्हतं. तिच्या अंगाला घामाचा वास येत होता. ते तिला चिकटून बसले आणि उठले नाहीत.

सोमवारी ते तिघे हॉस्पिटलात होते. गाठ बोराएवढी होती ती आवळ्याएवढी झाली होती. डॉक्टर प्रियदर्शनी, तीच जिने ते झाड काढलं होतं, यवतमाळकडची, तिशीची, रागावली होती आणि राग दाखवत नव्हती. आधी औषधं, मग ऑपरेशन, असं ठरलं. तिने रक्तही तपासायला मुंबईला पाठवलं. महिन्याने निकाल आला तेव्हा तिने बाळरावांना समोर बसवलं.

"काका, आपल्या प्रत्येक पेशीत बिघाड दुरुस्त करायच्या सूचना असतात. आईकडून एक प्रत, वडिलांकडून एक. तुमच्या घरात यातली एक सूचना चुकीची उतरली आहे. अशा बाईला हा आजार होण्याचा धोका पुष्कळ वाढतो. छातीत होतो, कधी पोटात बीजकोशात होतो. तुमच्या आत्यांना तोच झाला असणार."

"पण हिच्या आईकडे तर कुणालाच नाही."

"तुमच्याकडून आली आहे. पुरुषांना सहसा काही होत नाही, पण ते पुढे देतात. प्रत्येक मुलामुलीला निम्मी शक्यता."

बाळराव आपल्या हातांकडे बघत राहिले. तेहेतीस वर्षं ज्या आवाजाला ते दाराबाहेरून कान देत होते, तो त्यांच्याच रक्तात लिहिलेला होता, आणि त्यांनीच तो पोरीला दिला होता.

"म्हणजे शापच की," ते म्हणाले.

"नाही." प्रियदर्शनीचा आवाज पहिल्यांदा चढला. "शाप असता तर मी इथे बसलेच नसते. ही चूक असलेली बाई वेळेवर आली, तर इतर बायकांइतकीच वाचू शकते, असं आत्तापर्यंतच्या अनुभवावरून दिसतं. तुमच्या बहिणीला त्या चुकीने गाठ दिली. पण मारलं ते वर्षभर गप्प बसण्याने. आणि कावीळ सांगितल्यामुळे तनयाला वेळेवर तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमची औषधं माहितीवर चालतात काका, गुपितावर नाही."

मंदाकिनीमाईंनी जागा बदलली. महिन्याभरात कात्रजच्या बाजूला कुठेतरी पाटी लागल्याचं ऐकू आलं. बाळरावांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते आठ ओळींत छापून आलं, शेजारी राशिभविष्य होतं.

वर्षाने, तनयाचे केस शाळकरी मुलासारखे बारीक उगवले होते आणि तपासणीत काही सापडलं नव्हतं. डॉक्टर अजून 'बरी' म्हणत नव्हती, 'ठीक' म्हणत होती. बाळरावांनी कुलवृत्तांताच्या आपल्या प्रतीत पान तीनशे सातवरची 'व एक कन्या' ही अक्षरं खोडली आणि वर लिहिलं: 'जया, १९४१ ते १९७७, स्तनाचा कर्करोग.' मग त्यांनी घराण्यातल्या एकशे चौतीस घरांना पत्र टाकलं.

'सर्व कुलबांधवांस, आणि कुलभगिनींस, जे मागच्या वेळी लिहायचे राहिले.

आपल्या कुलवृत्तांतात मुली नाहीत. ही चूक संपादकाची आहे. कृपया आपल्या घरात जन्मलेल्या आणि लग्न होऊन गेलेल्या प्रत्येक मुलीचे नाव, आणि ती हयात नसल्यास वय व मृत्यूचे खरे कारण कळवावे. कावीळ, पोटदुखी, बाहेरचे, नजर असे लिहू नये. खरे लिहावे. लाज वाटल्यास वाटू द्यावी, तरी लिहावे. आपल्या रक्तात एक दोष आहे. तो भूत नाही. रक्त तपासून तो कळतो आणि वेळेत कळला तर माणूस वाचते. कुणास गाठ लागल्यास ती त्याच आठवड्यात डॉक्टरास दाखवावी. कुणी मंत्राने बरे करतो म्हणाल्यास त्याच्याकडे बऱ्या झालेल्यांची यादी मागू नये. मेलेल्यांची मागावी.

तनयाचे वडील, जयाचा धाकटा भाऊ, बाळ.'

दोन महिने बरीचशी उत्तरं शिष्टाचाराची आली. काही जणांना पत्र अशोभनीय वाटलं. एका चुलत भावाने कळवलं, 'म्हातारपणी तुला बायकांच्या असल्या आजारांत रस कुठून आला?'

मग जबलपूरहून एक पाकीट आलं. दुसऱ्या शाखेतलं, आतलं अक्षर तरुण मुलीचं. तिने चार नावं लिहिली होती. आत्या, आजोबांच्या दोन बहिणी, चुलत बहीण. वय, वर्ष, कारण. खाली एक ओळ सोडून लिहिलं होतं:

'आजोबा, पाचवी मी आहे. माझं नाव तुमच्या पुस्तकात नाही. वय एकोणतीस. दोन महिन्यांपासून काखेत काहीतरी लागतंय, अजून कुणाला सांगितलेलं नाही. कुठल्या डॉक्टरकडे जाऊ?'

खाली फोन नंबर होता. बाळरावांनी चष्मा पुसला, तनयाला हाक मारली, आणि नंबर फिरवला.